ऋण गुणांचे गणित

आपल्या मंडळ्यांतील मुले दहावी-बारावीच्या पुढे जाऊ लागली की घरात एक नवा शब्द ऐकू येऊ लागतो : निगेटिव्ह मार्किंग. शाळेच्या गणिताच्या भाषेत बोलायचे तर ऋण गुण. उत्तर बरोबर आले तर गुण मिळतात, चुकले तर मिळालेल्यांतून कापले जातात, आणि जागा कोरी सोडली तर काही मिळत नाही व काही जातही नाही. हा विषय गणिताच्या तासाचा. मंडळीच्या मासिकात त्याचे काय काम, असे एखादा वाचक विचारील. आमचे उत्तर असे की, या पद्धतीने आपल्या मुलांपुढे एक नीतीचा प्रश्न रोज उभा केला आहे. जे आपल्याला येत नाही त्याचे उत्तर अंदाजाने लिहावे काय? की जागा कोरी सोडावी? आणि या प्रश्नाच्या पाठीमागे दुसरा, याहून मोठा प्रश्न दडलेला आहे : देवही आपले असेच गुण कापीत बसला आहे काय? या दोन्ही प्रश्नांचा विचार आम्ही येथे करणार आहोत. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी थोडा धीर धरून आमच्याबरोबर बेरीज-वजाबाकी करावी, अशी विनंती आहे.

प्रथम गणितच पाहू. २०२५ सालच्या नीट परीक्षेत, म्हणजे वैद्यकीय शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेत, १८० प्रश्न होते. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा, आणि एकूण गुण ७२०. समजा, एका मुलीने सर्व १८० प्रश्न सोडविले व तिला ५२० गुण पडले. तर तिची किती उत्तरे चुकली? ज्याला बीजगणित येते तो क्ष मांडून हे सोडवील. पण ज्याला येत नाही त्यालाही ते तोंडी सोडविता येते. सगळी उत्तरे बरोबर आली असती तर ७२० गुण मिळाले असते. प्रत्यक्षात २०० कमी पडले. आता एक उत्तर चुकले म्हणजे किती गुण कमी होतात? पुष्कळ मुले चटकन 'एक' म्हणतात, आणि तेथेच गणित फसते. चुकीबद्दल एक गुण कापला जातो हे खरे. पण त्या प्रश्नाचे जे चार मिळायचे तेही गेले. म्हणजे तूट पाचाची. २०० ला ५ ने भागले की ४० येतात. ४० उत्तरे चुकली, १४० बरोबर आली. ताळा करून पाहा : १४० चोक ५६०, त्यातून ४० वजा, राहिले ५२०.

या पाचाच्या आकड्यावर थोडे थांबू. चुकीची किंमत आपण नेहमी दंडावरून करतो. हातचे जे चार गेले ते मोजीत नाही. उधळ्या पुत्राने किती मालमत्ता उडविली हे गावाला दिसले. उपासमार झाली ती त्याला स्वतःला कळली. पण बापाच्या घरी जी वर्षे सुखाने जायची होती ती त्याच्याही हिशेबात आली नाहीत. म्हणून तर तो चाकराची जागा मागण्याची तयारी करून परतला. ती वर्षे मोजली फक्त बापाने. पापाचा दंड पाहून घाबरणारे पुष्कळ असतात. पापापायी जे चांगले हातून गेले त्याचे दुःख करणारा विरळा.

आता असा दंड ठेवण्याचे कारण काय ते पाहू. चार पर्यायांचा प्रश्न असेल तर डोळे मिटून खूण करणाऱ्याचेही सरासरीने चारांत एक उत्तर बरोबर येते. प्रत्येकी १ गुणाचे २० प्रश्न असले व दंड नसला, तर पुस्तक न उघडलेल्यालाही सुमारे ५ गुण फुकट मिळतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाने नागरी सेवांच्या पूर्वपरीक्षेत २००७ सालापासून चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग वजा करण्याचा नियम केला. तो नियम या २० प्रश्नांना लावा. ५ बरोबर, म्हणून ५ गुण, १५ चूक, त्यांचा एक तृतीयांश म्हणजे पुन्हा ५, बाकी शून्य. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हा दंड अज्ञानाची शिक्षा नव्हे. नशिबाने जे फुकट हाती ठेवले, तेवढेच तो परत घेतो. ज्याने जागा कोरी सोडली त्याचे तो काहीच घेत नाही. 'मला ठाऊक नाही' असे म्हणणाऱ्याला परीक्षक शून्य देतो, पण त्याचा अपमान करीत नाही.

सगळीकडे हाच नियम आहे असे नाही. अमेरिकेतील सॅट परीक्षेत पाच पर्यायांच्या प्रश्नाला चुकल्यास पाव गुण कापला जात असे. २०१६ साली तो दंड काढून टाकण्यात आला. आपल्याकडे महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या सीईटी परीक्षांत चुकीला दंड नाही. आणि नीटमध्ये दंड असूनही हिशेब थोडा सैलच आहे : चार अंदाजांत एक खरा ठरला तर ४ गुण मिळतात, तीन चुकले म्हणून ३ जातात, आणि सरासरीने एक गुण पदरात राहतो. अर्थात सरासरी ही पुष्कळ प्रश्नांची असते. एखाद्या मुलाचे चारांपैकी चारही अंदाज चुकू शकतात.

मग अंदाजाने खूण करणे हे खोटे बोलणे झाले काय? आम्हांला तसे वाटत नाही. नियम परीक्षकाला ठाऊक आहे, विद्यार्थ्यालाही ठाऊक आहे; येथे कोणी कोणाला फसवीत नाही. शिवाय चारांतले दोन पर्याय खात्रीने चुकीचे आहेत एवढे ज्याला कळले, त्याने उरलेल्या दोहोंतून एक निवडला तर तो जुगार नव्हे. ते त्याचे अर्धे ज्ञान आहे आणि अर्ध्या ज्ञानालाही मोल आहे. म्हणून या कारणाने मुलांच्या मनाला टोचणी लावू नये.

परंतु एवढ्याने प्रश्न मिटत नाही. बेळगावचा एखादा मुलगा एकाच वर्षी सीईटीलाही बसतो व नीटलाही बसतो. पहिल्या परीक्षेत न येणाऱ्या प्रश्नांवर तो बेधडक खुणा करतो. दुसरीत त्याचा हात आखडतो. त्याचे ज्ञान दोन्हीकडे तेच आहे. बदलला तो फक्त दंड. तेव्हा दुसऱ्या परीक्षेत त्याने जागा कोरी सोडली यात प्रामाणिकपणा किती व नुकसानीची भीती किती, हे कोण सांगणार? दंडाच्या भीतीने राखलेले मौन आणि सत्याच्या ओढीने राखलेले मौन या दोहोंना उत्तरपत्रिकेवर सारखेच शून्य पडते. गुणपद्धती हात आवरू शकते. अंतःकरणापर्यंत तिची पोच नाही.

हेच आणखी एका गणिताने स्पष्ट होईल. शिक्षकांनी ते फळ्यावर मांडून पाहावे. २० प्रश्नांची चाचणी आहे; बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. तीन मुलांना प्रत्येकी ४० गुण पडले. पहिल्याने १० प्रश्न बरोबर सोडविले आणि उरलेले १० कोरे ठेवले : गुण ४०. दुसऱ्याचे ११ बरोबर, ४ चूक, ५ कोरे : ४४ वजा ४, म्हणजे ४०. तिसऱ्याने एकही जागा कोरी ठेवली नाही. त्याचे १२ बरोबर, ८ चूक : ४८ वजा ८, पुन्हा ४०. एक सावध, दुसरा मध्यम, तिसरा धाडसी. तिघांचे गुण एकच. एकूण गुणांचा आकडा देऊन कोणी विचारले की 'हा मुलगा कसा आहे?', तर गणित निरुत्तर होते. एका समीकरणातून दोन अज्ञात राशी निश्चित काढता येत नाहीत, हा गणिताचाच नियम आहे.

आणि तरीही माणसांच्या बाबतीत आपण हेच करीत असतो. निकालाच्या दिवशी मुलगा घरात पाऊल टाकतो तोच आपण आकडा विचारतो, आणि त्या आकड्यालाच मुलगा समजतो. मंडळीतही तसेच. कोणी वर्षानुवर्षे उपासनेची घंटा वाजविली, आजाऱ्यांच्या उशाशी रात्री काढल्या. एक चूक झाली की सगळे गुण कापून आपण बाकी शून्य काढतो. दुसरा कोणी कधी कशात पडला नाही, म्हणून त्याचे कधी काही चुकले नाही. त्याला आपण निष्कलंक म्हणतो. इशायाच्या मुलांना पाहताना शमुवेलासारख्या संदेष्ट्यालाही देवाला सांगावे लागले की माणूस बाहेरचे पाहतो, परमेश्वर हृदय पाहतो. बेरीज आपल्याला दिसते. उत्तरपत्रिका त्याने वाचलेली असते.

येथून आम्ही मुख्य मुद्द्याकडे वळतो. आमच्या मते पवित्र शास्त्र आपल्यापुढे दोन प्रकारचे प्रश्न ठेवते आणि त्यांचे नियम एक नाहीत. एक प्रकार ज्ञानाच्या प्रश्नांचा, दुसरा प्रीतीच्या प्रश्नांचा.

ज्ञानाच्या प्रश्नात जागा कोरी सोडणे हा प्रामाणिकपणा आहे. शेवटचा दिवस केव्हा येईल याविषयी बोलताना आपल्या प्रभूने सांगितले की, तो दिवस व ती घटका स्वर्गातील दूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, केवळ पित्याला ठाऊक आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात हे आहे. प्रत्यक्ष पुत्राने जी जागा कोरी ठेवली ती भरण्याची घाई पुढे कित्येक उपदेशकांनी केली. अमेरिकेत विल्यम मिलर याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरून ठेवला होता. तो दिवस आला आणि गेला. कित्येकांच्या विश्वासाला त्यामुळे धक्का बसला. ज्ञानाच्या प्रश्नात चुकीचे उत्तर कोऱ्या जागेपेक्षा महाग पडते ते असे. म्हणून शब्बाथ शाळेत मुलाने अवघड प्रश्न विचारला, तर 'मला माहीत नाही, पाळकसाहेबांना विचारून पुढच्या रविवारी सांगतो' असे म्हणणाऱ्या शिक्षकाचा मान कमी होत नाही. उलट, मूल त्या दिवशी सत्याचा एक धडा शिकते. सांत्वनाला गेल्यावर 'देवाने तुमचे मूल अमुक कारणासाठी नेले' असे ठामपणे सांगणाऱ्याने आधी ईयोबाच्या मित्रांचे स्मरण करावे. सात दिवस ते गप्प बसले होते तोवर त्यांचे बरे चालले होते. बोलू लागले तेव्हा त्यांचे गुण कापले गेले.

प्रीतीच्या प्रश्नात मात्र नियम अगदी उलटा आहे. तेथे कोरी जागा शून्य नव्हे. कोरी जागा हीच चूक. तालांतांच्या दाखल्यातील तिसरा दास आठवा. त्याने चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही, व्यापारात खोटही खाल्ली नाही. धनी कडक आहे, चुकलो तर कापील, अशी त्याची समजूत. म्हणून त्याने मिळालेले जमिनीत पुरले आणि होते तसे परत आणून दिले. परीक्षेच्या भाषेत त्याने पूर्ण उत्तरपत्रिका कोरी दिली. धन्याने ती शून्य गुणांची मानली नाही. त्याला आळशी म्हणून बाहेर घातले. त्याच अध्यायात पुढे मेंढरे व शेरडे वेगळी केली जातात. डावीकडच्यांचा दोष काय? भुकेल्याला त्यांनी मारले असे तेथे म्हटलेले नाही. त्यांनी त्याला खायला दिले नाही, एवढेच. बंदीवानाला त्यांनी छळले नाही. ते त्याच्याकडे गेले नाहीत. त्यांची सर्व चूक कोऱ्या जागांची आहे. याकोबही आपल्या पत्रात हेच सांगतो की, चांगले काय ते कळूनही जो ते करीत नाही त्याला ते पाप आहे.

दुःखाची गोष्ट ही की, आपल्या हातून नेमकी अदलाबदल होते. जेथे गप्प राहायचे तेथे आपण अंदाजाने बोलतो, आणि जेथे हात पुढे करायचा तेथे 'चुकले तर काय' म्हणून जागा कोरी ठेवतो. शेजारच्या घरात दारूपायी रोज भांडण होते. आपण पडलो तर वाईटपणा येईल, म्हणून गप्प. मंडळीतले एक कुटुंब रागावून यायचे थांबले. समेटाला गेलो आणि शब्द चुकला तर, म्हणून गप्प. परक्या प्रांतात लहान मंडळी म्हणून राहणाऱ्या आपल्या लोकांना सावधपणाची सवयच झालेली असते. ती सवय व्यवहारात बरी. पण तिला पवित्रता समजू नये.

मग प्रीतीच्या कामात उत्तर चुकले तर काय होते? यासाठी पेत्राची उत्तरपत्रिका पाहावी. तिच्यात चुका भरपूर आहेत. रात्री वादळात येशू पाण्यावरून येत होता तेव्हा अकरा जण होडीत बसून राहिले. त्यांचे काही चुकले नाही, कारण त्यांनी काही लिहिलेच नाही. पेत्र उतरला, चार पावले चालला आणि बुडू लागला. प्रभूने त्याला अल्पविश्वासी म्हटले हे खरे. पण ते त्याचा हात धरून म्हटले. पुढे त्याच पेत्राने तीन वेळा प्रभूला नाकारले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात प्रभू त्याला तीन वेळा एकच प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न ज्ञानाचा नाही, प्रीतीचा आहे. आपल्या गणिताने पाहिले तर तीन वजा आणि तीन अधिक, बाकी शून्य. मागचे फिटले एवढेच. पण प्रभूने त्याला शून्यावर सोडले नाही. आपली मेंढरे त्याच्या हाती दिली.

येथे कोणी म्हणेल, मग देव चुकांकडे डोळेझाक करतो काय? परीक्षक असा वागला तर आपण त्याला अन्यायी म्हणू. हा आक्षेप योग्य आहे, आणि २०२४ सालच्या एका घटनेने तो चांगला समजतो. त्या वर्षीच्या नीटच्या निकालात काही उमेदवारांना ७१८ व ७१९ गुण पडलेले दिसले. गणित येणाऱ्यांनी लगेच बोट ठेवले. सगळे बरोबर आले तर ७२०. एक कोरा ठेवला तर ७१६. एक चुकला तर ७१५. मधले ७१८, ७१९ या पद्धतीत येऊच शकत नाहीत. मग समजले की परीक्षेच्या वेळी वेळ वाया गेला म्हणून १,५६३ उमेदवारांना भरपाईचे जादा गुण दिले होते. लोकांनी त्यांना ग्रेस मार्क म्हटले, म्हणजे कृपेचे गुण. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, ते गुण रद्द झाले, आणि २३ जून २०२४ रोजी त्या उमेदवारांसाठी फेरपरीक्षा ठेवण्यात आली.

लोकांची तक्रार रास्त होती. जागा मोजक्या असतात. एकाला कृपेने वर चढविले की दुसरा खाली ढकलला जातो. द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांनी अशीच तक्रार केली होती. पण तेथे एक फरक आहे. शेवटच्या तासाला आलेल्याला पूर्ण दिवसाची मजुरी मिळाली तेव्हा पहाटेपासून राबणाऱ्याची मजुरी एका पैशानेही घटली नाही. देवाच्या राज्यात गुणवत्ता यादी नाही, कारण तेथे जागा संपत नाहीत. म्हणून परीक्षेतील कृपा अन्याय ठरू शकते, देवाची कृपा ठरत नाही.

आणि दुसरा फरक याहून मोठा. ते गुण कोणी आपल्या खात्यातून दिले नव्हते. कागदावर आकडे वाढविले होते. देवाची कृपा अशी नाही. गणितात वजा संख्येला आपण ऋण म्हणतो, आणि ऋण म्हणजे कर्ज. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने धन व ऋण या शब्दांनीच या संख्यांचे नियम सांगितले. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण पित्याजवळ जे सोडून देण्याची याचना करतो त्यालाही मत्तयाच्या मराठी शुभवर्तमानात ऋण हाच शब्द आहे. सावकार कर्ज सोडतो तेव्हा ते हवेत विरून जात नाही. तो स्वतः ती खोट सोसतो. प्रेषित पौलाने पळून गेलेल्या अनेसिमाला फिलेमोनाकडे परत पाठविले तेव्हा त्याने केलेले नुकसान नाकारले नाही. ते आपल्या नावावर मांड, मी फेडीन, असे स्वतःच्या हाताने लिहून दिले. वधस्तंभाचा अर्थ समजण्यास एवढे उदाहरण पुरे आहे. आपले ऋण खोटे नव्हते, पुसूनही टाकले नाही. दुसऱ्याच्या खात्यावर मांडले गेले. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात विश्वास नीतिमत्त्व असा गणला गेल्याचे पौल पुन्हापुन्हा सांगतो. गणणे हा हिशेबाचाच शब्द आहे. देव हिशेब सोडून देत नाही. तो वेगळ्या खात्यातून पुरा करतो.

हे ज्याला पटले त्याची भीती जाते, आणि भीती गेली की प्रीतीच्या प्रश्नांच्या जागा कोऱ्या राहत नाहीत. तिसऱ्या दासाची खरी चूक पैसा पुरण्यात नव्हती. धन्याविषयीच्या त्याच्या समजुतीत होती. तो आपला धनी केवळ गुण कापणारा आहे असे समजला.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना शेवटी दोन गोष्टी सुचवितो. परीक्षेच्या दिवसांत मुलांना ही गणिते जरूर सोडवायला द्या, आणि तिघांच्या ४० गुणांचे गणित झाल्यावर विचारा की यांतला कोणता मुलगा तुम्ही आहात. उत्तर वहीत लिहायला लावू नका. ज्याचे त्याच्यापाशी राहू द्या. आणि निकालाच्या आठवड्यात, ज्या घरी आकडा कमी आला असेल त्या घरी जा. काय बोलावे हे कळणार नाही, अशी भीती वाटेल. तरीही जा. शब्द चुकला तर चुकेल. पण ती जागा कोरी ठेवू नका.